ऑपरेटिंग सिस्टीम अपग्रेड केल्यावर ब्राउझर नीट चालत नसेल, तर तो काढून पुन्हा इन्स्टॉल करावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: विंडोज १० वरून विंडोज ११ वर गेल्यापासून क्रोममध्ये काही संकेतस्थळे ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असे सांगून उघडतच नाहीत, व्हिडिओचा आवाज येतो पण चित्राच्या जागी काळा चौकोन दिसतो, आणि साठवून ठेवलेले पासवर्डही दिसेनासे झाले आहेत. क्रोम अनइन्स्टॉल करून पुन्हा टाका, असे तुम्हाला कोणीतरी सुचवले आहे आणि ते करावे की नाही, हे तुम्ही विचारता आहात.

माझे उत्तर असे की, इतक्यात करू नका. ब्राउझरचा प्रोग्राम आणि तुमची माहिती, म्हणजे बुकमार्क, पासवर्ड, कुकीज (संकेतस्थळांनी ठेवलेल्या छोट्या नोंदी), इतिहास आणि एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम), या दोन गोष्टी संगणकावर वेगवेगळ्या ठिकाणी असतात. अनइन्स्टॉल केल्यावर प्रोग्राम जातो, पण ही माहिती ज्यात असते तो प्रोफाइलचा फोल्डर मागे तसाच राहतो. त्यामुळे बिघाड प्रोफाइलमध्ये असेल तर नव्याने टाकलेला क्रोम तोच फोल्डर उचलतो आणि तोच बिघाड परत दिसू लागतो. बिघाड विंडोजमध्ये असेल, तर क्रोम कितीही वेळा नव्याने टाकला तरी काही फरक पडत नाही. अनइन्स्टॉल करताना ब्राउझिंगची माहितीही पुसायची का, असे विचारणारी एक चौकट येते. तिथे खूण केली गेली तर या संगणकावरचे सगळेच जाते. उपयोग होण्याची शक्यता कमी आणि नुकसानाची शक्यता खरी, असा हा उपाय आहे, म्हणून तो शेवटी ठेवावा.

तुमच्या तीन तक्रारी एकाच दिवशी सुरू झाल्या असल्या, तरी त्यांचे मूळ एकच असेल असे धरून चालू नका. ब्राउझर वेळेसाठी संगणकाच्या घड्याळावर, चित्रासाठी ग्राफिक्स ड्रायव्हरवर (विंडोजच्या वतीने ग्राफिक्स चिप चालवणाऱ्या प्रोग्रामवर) आणि पासवर्डच्या कुलपासाठी विंडोजमधल्या तुमच्या खात्यावर अवलंबून असतो. अपग्रेडमध्ये यांपैकी काहीही हलू शकते, आणि प्रत्येकाचे लक्षण निराळे असते.

सुरुवात करण्यापूर्वी क्रोम पूर्ण बंद करा आणि प्रोफाइलची प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर घेऊन ठेवा. तुमच्या यूजर फोल्डरमध्ये ‘ॲपडेटा’ नावाचा लपलेला फोल्डर असतो. त्यात ‘लोकल’, मग ‘गूगल’, मग ‘क्रोम’, आणि त्याच्या आत ‘यूजर डेटा’ असा फोल्डर मिळेल. तो जसाच्या तसा कॉपी करा. बुकमार्क मात्र क्रोममधूनच एका फाइलमध्ये एक्स्पोर्ट करून घ्या, कारण ती फाइल कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडते.

त्यानंतर बिघाड कुठे आहे ते शोधण्याच्या चाचण्या कराव्यात. जे संकेतस्थळ उघडत नाही तेच एजमध्ये किंवा फायरफॉक्समध्ये उघडून पाहा. तिथेही उघडत नसेल, तर क्रोमला दोष देण्यात अर्थ नाही. विंडोज, अँटिव्हायरस किंवा नेटवर्क यांच्याकडे पाहायला हवे. तिथे ते उघडत असेल, तर क्रोममध्येच इन्कॉग्निटो खिडकीत पाहा. त्या खिडकीत एक्स्टेन्शन सहसा बंद असतात आणि जुन्या कुकीज वापरल्या जात नाहीत, म्हणून तिथे सगळे सुरळीत चालले तर संशय या दोघांवर जातो. तेवढ्याने उलगडा झाला नाही, तर क्रोममध्ये एक नवे, रिकामे प्रोफाइल तयार करून पाहा. त्याने जुन्या प्रोफाइलला धक्का लागत नाही, आणि तिथे सगळे ठीक चालत असेल तर दोष जुन्या प्रोफाइलमध्ये आहे हे निश्चित होते.

आता पहिली तक्रार. सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला, म्हणजे त्याची ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याला, सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते, आणि ब्राउझर ती संगणकाच्या घड्याळाशी ताडून पाहतो. आपण पडद्याच्या कोपऱ्यात पाहतो तेव्हा नजर तास-मिनिटांवर जाते. तारीख आणि महिनाही बरोबर दिसतो, आणि वर्ष मात्र मागचे असते. म्हणून वर्षासकट पूर्ण तारीख वाचा, टाइम झोन तपासा, आणि तारीख-वेळेच्या सेटिंग्जमध्ये ‘सिंक नाउ’ दाबा. संगणक बंद करून चालू केल्यावर तारीख पुन्हा मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा छोटा सेल संपला आहे असे समजावे. अशा वेळी अपग्रेडचा काही संबंध नसतो, फक्त त्या निमित्ताने संगणक अनेकदा बंद-चालू झाल्यामुळे दोष उघड झालेला असतो.

घड्याळ बरोबर असेल, तर इशाऱ्याच्या पानावर ॲड्रेस बारच्या डाव्या टोकाला दाबून प्रमाणपत्र उघडा आणि ते कोणी दिले आहे, ते नाव वाचा. तिथे तुमच्या अँटिव्हायरसचे नाव दिसले, तर कारण सापडले. काही अँटिव्हायरस सुरक्षित संकेतस्थळांवरची ये-जा तपासण्यासाठी मध्ये उभे राहतात आणि मूळ प्रमाणपत्राच्या जागी स्वतःचे प्रमाणपत्र पुढे करतात. अपग्रेडमध्ये त्यांची मांडणी विस्कटली, की ब्राउझर त्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवायला नकार देतो. अँटिव्हायरस अद्ययावत करा, नाहीतर काढून विंडोज ११ साठीची त्याची नवी आवृत्ती टाका. मात्र या सगळ्यात इशारा ओलांडून ‘तरीही पुढे जा’ हा मार्ग धरू नका, विशेषतः बँकेच्या किंवा ईमेलच्या पानावर. तो इशारा खरा असण्याची शक्यता अपग्रेडनंतरही तितकीच असते.

काळ्या चौकोनाचे कारण बहुतेक वेळा ग्राफिक्स ड्रायव्हर असतो. व्हिडिओ उलगडण्याचे काम ब्राउझर शक्यतो ग्राफिक्स चिपकडे सोपवतो, आवाजाचा मार्ग मात्र वेगळा असतो. म्हणूनच ड्रायव्हर बिघडला की आवाज चालू राहतो आणि चित्र नाहीसे होते. खात्री करण्यासाठी क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टीम’ या भागात जाऊन ग्राफिक्स ॲक्सिलरेशनचे बटण बंद करा आणि क्रोम पुन्हा सुरू करा. चित्र परत आले तर निदान झाले, पण ते बटण कायमचे बंद ठेवू नका, कारण मग सगळा भार प्रोसेसरवर पडतो, लॅपटॉप तापतो आणि बॅटरी लवकर उतरते. त्याऐवजी डिव्हाइस मॅनेजर उघडून ‘डिस्प्ले ॲडॉप्टर्स’ची ओळ उलगडा. तिथे तुमच्या चिपच्या नावाऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर’ असे लिहिलेले दिसले, तर विंडोजला योग्य ड्रायव्हर मिळालेला नाही आणि ते कामचलाऊ ड्रायव्हरवर चालले आहे. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या किंवा इंटेल, एएमडी, एनव्हिडिया यांच्यापैकी जिची चिप असेल तिच्या संकेतस्थळावरून विंडोज ११ चा ड्रायव्हर घ्या, तो टाका, आणि मग ते बटण पुन्हा चालू करा. ‘ड्रायव्हर आपोआप शोधून देतो’ म्हणणाऱ्या तिसऱ्याच प्रोग्रामच्या नादी लागू नका.

पासवर्डचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे, आणि घाई इथेच सर्वांत महागात पडते. फक्त पासवर्ड गेले आहेत की बुकमार्कही, हे आधी पाहा. दोन्ही गेले असतील, तर क्रोम बहुधा वेगळ्याच प्रोफाइलमध्ये उघडत आहे. उजव्या कोपऱ्यातल्या चित्रावर दाबून जुने प्रोफाइल यादीत आहे का ते बघा. बुकमार्क जागेवर आहेत, पण पासवर्ड दिसत नाहीत आणि त्याच वेळी सगळ्याच संकेतस्थळांवरून तुम्ही लॉग आउट झाला आहात, असे असेल तर अडचण किल्लीची आहे. क्रोम पासवर्ड आणि कुकीज कुलूपबंद करून ठेवतो, आणि त्या कुलपाची किल्ली विंडोज तुमच्या यूजर खात्याशी बांधून ठेवते. फायली आणि ॲप जागेवर ठेवून केलेल्या अपग्रेडमध्ये खाते तेच राहते, म्हणून किल्लीही चालते. पण कोणी विंडोज नव्याने टाकून नवे खाते काढले आणि जुना प्रोफाइल फोल्डर तिथे आणून ठेवला असेल, तर बुकमार्क दिसतात आणि पासवर्ड उघडत नाहीत. स्थानिक खात्याचा पासवर्ड तुम्ही स्वतः बदलण्याऐवजी दुसऱ्या ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून रीसेट केला गेला असेल, तरीही असे होऊ शकते. ज्याने तुमचे अपग्रेड केले, त्याला हे दोन प्रश्न जरूर विचारा.

यावर उपाय म्हणजे, पूर्वी सिंक, म्हणजे माहिती गूगल खात्यात साठवून सगळ्या उपकरणांवर सारखी ठेवण्याची सोय, चालू असेल तर त्याच गूगल खात्याने क्रोममध्ये साइन इन करणे. पासवर्ड तिथून परत येतात. सिंक चालू असताना ‘ब्राउझिंग डेटा पुसा’ या चौकटीत पासवर्डवर खूण करून सगळ्या काळाची माहिती पुसली, तर ती तुमच्या इतर उपकरणांवरूनही जाते, हे कृपया लक्षात ठेवा. कॅशे (पाने लवकर उघडावीत म्हणून साठवलेल्या तात्पुरत्या फायली) साफ करण्याचा सल्ला लोक सहज देतात, आणि त्याच चौकटीत नजरचुकीने ही खूण राहून जाते. सिंक नसेल आणि संगणकावर जुने खाते अजून असेल, तर त्याच खात्यात शिरून तिथल्या क्रोममधून पासवर्ड एक्स्पोर्ट करा. मात्र ती फाइल उघड्या मजकुराची असते, कोणीही वाचू शकतो, म्हणून काम होताच पुसून टाका. फायरफॉक्सची रचना या बाबतीत वेगळी आहे. त्याची किल्ली प्रोफाइलच्या फोल्डरमध्येच असते, त्यामुळे पूर्ण फोल्डर हलवला तर पासवर्डही सोबत येतात. पण फायरफॉक्स २०१९ पासून, म्हणजे ६७ व्या आवृत्तीपासून, प्रत्येक इन्स्टॉलेशनला स्वतंत्र प्रोफाइल देतो. म्हणून तो वेगळ्या ठिकाणी पुन्हा टाकला की रिकामा दिसतो आणि सगळे गेले असे वाटते. ॲड्रेस बारमध्ये ‘अबाउट’, कोलन आणि ‘प्रोफाइल्स’ हे इंग्रजीत टाइप केले, की जुने प्रोफाइल यादीत दिसते आणि तिथूनच ते सुरू करता येते.

एकही संकेतस्थळ कोणत्याच ब्राउझरमध्ये उघडत नसेल, अशी वेळ आली तर विंडोजच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये ‘प्रॉक्सी’ (इंटरनेटची ये-जा ज्याच्यामार्फत होते तो मधला संगणक) हे पान पाहा आणि तुम्ही न भरलेला पत्ता तिथे असेल तर तो बंद करा. क्रोम आणि एज दोघेही तिथूनच प्रॉक्सी घेतात. जुन्या व्हीपीएनचे अवशेषही असा त्रास देतात, म्हणून तो काढून पाहावा. ‘नेटवर्क रीसेट’ हा पर्याय त्यानंतरचा. त्याने साठवलेले वायफाय पासवर्ड जातात, तेव्हा ते आधी लिहून ठेवा. कार्यालयातले एखादे जुने संकेतस्थळ इंटरनेट एक्स्प्लोररच मागत असेल, तर तो विंडोज ११ मध्ये स्वतंत्र ब्राउझर म्हणून मिळणार नाही. विंडोज १० वरही तो १५ जून २०२२ रोजी निवृत्त झाला. त्यासाठी एजमध्ये ‘आयई मोड’ आहे, तो सेटिंग्जमधून चालू करता येतो.

हाच प्रश्न इतर सिस्टीमच्या वाचकांनाही पडतो, म्हणून दोन गोष्टी सांगतो. मॅकओएस सिक्वोया, म्हणजे २०२४ ची १५ वी आवृत्ती, टाकल्यावर बाहेरची सगळी संकेतस्थळे उघडतात पण राउटरचे किंवा प्रिंटरचे पान उघडत नाही, असे झाल्यास ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी त्या ब्राउझरला आहे का ते पाहा. उबुंटू या लिनक्स सिस्टीममध्ये आवृत्ती बदलताना बाहेरच्या रिपॉझिटरी, म्हणजे इतर कंपन्यांचे प्रोग्राम आणि अपडेट जिथून येतात ते साठे, बंद केल्या जातात. त्यामुळे क्रोम चालत राहतो पण त्याला अपडेट मिळणे थांबते, आणि ती रिपॉझिटरी आपल्याला हाताने पुन्हा चालू करावी लागते.

एवढे करूनही काही जुळले नाही, तर विंडोज ११ च्या ‘रिकव्हरी’ पानावरून मागे जाण्याची सोय अपग्रेडनंतर साधारण १० दिवस असते. त्यानंतर जुनी विंडोज ठेवलेला फोल्डर आपोआप पुसला जातो. मी मात्र केवळ ब्राउझरसाठी मागे जाणार नाही, कारण विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि सुरक्षेच्या दृष्टीने ती पीछेहाट ठरेल. त्याऐवजी वरच्या चाचण्यांचे निकाल, इशाऱ्याच्या पानावर खाली बारीक अक्षरांत असलेला पूर्ण एरर कोड, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले ॲडॉप्टर म्हणून दिसणारे नाव, एवढे इथे लिहा. तेवढ्यावरून पुढचे नेमके पाऊल मी सांगू शकेन, आणि तोवर क्रोम आहे तसाच राहू द्या.