आजीच्या चर्चला गाभारा का नाही?

प्रिय एस्तेर,

सप्रेम सलाम. तुझा निरोप वाचून फार बरं वाटलं. शेजारच्या काकूंबरोबर तू महादेवाच्या देवळात गेलीस, सगळे गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी थांबले म्हणून तूही थांबलीस. रविवारी आजीबरोबर गावच्या चर्चमध्ये गेलीस, तिथे चपला दारात काढून सगळ्यांबरोबर सतरंजीवर बसलीस. आता तू विचारतेस की आपल्या चर्चला गाभारा का नाही, बायबलमधल्या मंदिराला होता का, आणि गाभाराच नाही तर चपला कशासाठी काढायच्या. फोनवर हे घाईत उरकलं असतं, म्हणून लिहिते आहे.

बायबलमधल्या मंदिराला गाभारा होता, आणि तो आतून सोन्याने मढवलेला होता. पहिल्या राजे पुस्तकाचा ६ वा अध्याय आजीकडून काढून घे. शलमोनाने यरुशलेमेत बांधलेलं मंदिर ६० हात लांब, २० हात रुंद आणि ३० हात उंच. हात म्हणजे साधारण दीड फूट. एवढ्या मोठ्या राजाचं मंदिर, आणि लांबी जेमतेम ९० फूट! कारण लोकांनी आत बसावं म्हणून ते बांधलंच नव्हतं, लोक अंगणात उभे राहत. समोर देवडी, मग पवित्रस्थान, सगळ्यात आत परमपवित्रस्थान. काकूंच्या देवळात सभामंडप, अंतराळ आणि गाभारा तू पाहिलास, त्याच क्रमाने हेही आत आत जात होतं. फरक मोठा एकच: तिथे मूर्ती नव्हती. पंख पसरलेल्या दोन करुबांच्या, म्हणजे पंखवाल्या स्वर्गीय पहारेकऱ्यांच्या, खाली कराराचा कोश, म्हणजे देवाच्या कराराची पेटी, होती आणि त्यात दगडी पाट्यांवर लिहिलेल्या आज्ञा.

आत जावं तसं सगळं बदलत जाई. अंगणातली भांडी पितळेची, त्यात बारा बैलांच्या पाठीवर ठेवलेला भला थोरला गंगाळसागर, म्हणजे पाण्याचं पात्र. आतली भांडी सोन्याची. अंगणात लोक, पवित्रस्थानात फक्त याजक, म्हणजे पुरोहित, आणि परमपवित्रस्थानात एकटा प्रमुख याजक, तोही वर्षातून एकाच दिवशी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, यज्ञपशूचं रक्त घेऊन. देव जवळ राहतो आणि तरीही माणूस त्याच्यापर्यंत पोचू शकत नाही, हे त्या भिंतीच सांगत होत्या.

मला स्वतःला सगळ्यात भावतं ते कोरीवकाम. भिंतींवर खजुरीची झाडं आणि उमललेली फुलं. त्याआधी मोशेच्या निवासमंडपात, म्हणजे मंदिराच्या आधीच्या तंबूत, दीपवृक्ष होता, त्याच्या वाट्या बदामाच्या फुलांसारख्या. ही बाग आहे, बाळा, एदेन बाग. आदाम आणि हव्वेला बाहेर काढल्यावर देवाने बागेच्या पूर्वेला करूब पहाऱ्यावर ठेवले. निवासमंडपाचं दारही पूर्वेलाच, आणि परमपवित्रस्थानाच्या पडद्यावर करूब विणलेले. म्हणजे दारातून आत येणारा जणू त्या बागेकडे परत निघालेला असतो, आणि पडद्यापाशी तेच पहारेकरी त्याला अडवतात.

आता मत्तयाचा २७ वा अध्याय बघ. येशूने वधस्तंभावर प्राण सोडला आणि मंदिराचा (शलमोनाच्या नव्हे, त्यानंतर पुन्हा बांधलेल्या मंदिराचा) पडदा वरपासून खालपर्यंत फाटला. वरून फाटला म्हणजे ते माणसाच्या हातचं काम नव्हे, असंच ख्रिस्ती लोक पिढ्यान् पिढ्या वाचत आले. इब्री लोकांस पत्र तर सांगतं की तो पडदा म्हणजे ख्रिस्ताचा देहच. त्यानंतर, इसवी सन ७० मध्ये, रोमन सैन्याने मंदिर जाळलं. यहुदी लोक आजही त्याच्या आवाराच्या पश्चिम भिंतीशी प्रार्थना करतात आणि त्यांचं दुःख खरं आहे, ते हलकं मानायचं नाही. आपल्यासाठी मात्र येशूचा शिष्य पेत्र लिहितो की विश्वास ठेवणारी माणसंच जिवंत धोंडे आहेत आणि त्यांचं मंदिर रचलं जातं आहे. म्हणून आजीच्या चर्चमध्ये गाभारा सापडत नाही. त्या सतरंजीवर बसलेली सगळी माणसं गाभाऱ्यातच बसली आहेत.

आपल्या घरासाठी याला आणखी एक अर्थ आहे. यरुशलेमेच्या त्या मंदिराच्या अंगणात एक ठेंगणी भिंत होती आणि तिच्यावर ग्रीक भाषेत इशारा कोरला होता: परक्याने, म्हणजे यहुदी नसलेल्याने, पुढे पाऊल टाकू नये, सापडला तर त्याच्या मरणाला तोच जबाबदार. तो दगड १८७१ मध्ये सापडला, आता इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. प्रेषित पौल जेव्हा लिहितो की ख्रिस्ताने मधली आडभिंत पाडली, तेव्हा मला तोच दगड दिसतो. आपले पणजोबा ज्या महारवाड्यात जन्मले, तिथल्या माणसांना अशी भिंत कुणी वाचून दाखवायला नको होती. चोखोबांची समाधी पंढरपूरला महाद्वाराबाहेरच आहे. विठ्ठलाचं देऊळ सर्वांना खुलं झालं ते साने गुरुजींच्या उपोषणानंतर, १९४७ मध्ये. फाटलेल्या पडद्याची गोष्ट आपल्या माणसांनी कानांनी ऐकली नाही, पोटातून ऐकली. चर्चमध्ये आल्यावरही जात पुरती सुटली नाही, हेही तुला माहीत असावं. लग्नं जुळवताना अजून ती डोकं वर काढते, आणि पडद्याची गोष्ट मानणाऱ्याला हे शोभत नाही.

राहिल्या चपला. मोशेला पायांतले जोडे काढायला सांगितलं तेव्हा तिथे इमारत नव्हती, रानातलं जळतं झुडूप होतं. आपली माणसं तर घरात शिरतानाही चपला काढतात, मग प्रार्थनेला बसताना काढणारच. इथे मेलबर्नला आपण बूट घालून बाकांवर बसतो, तीही इथली रीतच. तिथे असेपर्यंत आजी करते तसं कर.

आणि आज रात्री आजीबरोबर बायबलच्या शेवटच्या पुस्तकाचा, प्रकटीकरणाचा, २१ वा अध्याय वाच. त्यातल्या नव्या यरुशलेमेची लांबी, रुंदी आणि उंची सारखीच आहे. शलमोनाचं परमपवित्रस्थानही २० हात लांब, २० हात रुंद आणि २० हात उंच होतं. ते पुस्तक लिहिणारा योहान म्हणतो, त्या नगरात मला मंदिर दिसलं नाही. का दिसलं नसेल, ते तू मला लिही.

तुझी,
आई