लायसन्स तिच्या नावावर, पण तिला विचारलंत का?

प्रश्न : मुलगी बी. फार्मच्या शेवटच्या वर्षाला आहे. कऱ्हाडला स्टँडजवळ गाळा घेतलाय. लायसन्स तिच्या नावावर काढून मेडिकल धाकटा मुलगा चालवेल. ती मात्र कॅन्सरच्या औषधचाचण्यांची माहिती उघड का होत नाही, यावर संशोधन करायचं म्हणते. कॅन्सर हा डॉक्टरांचा विषय. तिला कसं समजवावं? (पत्र संक्षिप्त)

उत्तर : तुमच्या मूळ पत्रात गाळ्याचं डिपॉझिट आहे, फर्निचरचा खर्च आहे, धाकट्याचे बारावीचे मार्क आहेत. मुलीचं म्हणणं एका ओळीत, तेही तक्रार म्हणून. मला काळजी वाटली ती इथे.

आधी गाळ्याचं बोलू. फार्मसी कायदा १९४८ चा आहे. नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीशिवाय चिठ्ठीवरची औषधं देता येत नाहीत. प्रमाणपत्र भिंतीला टांगलेलं आणि मुलगी दुसऱ्या गावी, असं सर्रास चालतं. म्हणून ते कायदेशीर होत नाही. औषध निरीक्षक आले तर अडकेल ती. भावाचा संसार उभा करायला बहिणीची पदवी भाड्याने देऊ नका, इतकं स्पष्टच सांगतो.

आता 'डॉक्टरांचा विषय'. ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठात क्लिनिकल फार्मकॉलॉजीचा, म्हणजे औषध माणसाच्या शरीरात कसं वागतं याचा अभ्यास करणारा, एक गट आहे. अमेरिकेत दहा वर्षांत मंजूर झालेल्या कॅन्सरच्या औषधांमागच्या, कंपन्यांनी केलेल्या ३०४ चाचण्या त्यांनी तपासल्या. रुग्णाची ओळख काढून टाकलेली, पण एकेका रुग्णाची स्वतंत्र नोंद असलेली माहिती बाहेरच्या संशोधकांना मागता येते का, एवढाच प्रश्न. जेमतेम ४५ टक्के चाचण्यांची मागता येत होती. नकाराचं मुख्य कारण, रुग्णांचा पाठपुरावा अजून संपलेला नाही. औषध मात्र विकायला आलेलं! २०२२ साली हा अभ्यास 'जामा ऑन्कॉलॉजी' या कॅन्सरवरच्या संशोधन-नियतकालिकात छापून आला. अशा नोंदी हाती आल्या, तर कोणत्या रुग्णाला औषध बाधेल हे नव्याने शोधता येतं. यात ना ऑपरेशन, ना उंदीर. औषध कसं वागतं याची जाण आणि संख्याशास्त्र लागतं. पहिली गोष्ट तुमची मुलगी चार वर्षं शिकतेच आहे.

पुढे एम. फार्म करायचं तर जीपॅट ही प्रवेश परीक्षा, नायपर या औषधशास्त्राच्या राष्ट्रीय संस्थांसाठी त्यांची वेगळी परीक्षा. हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. संख्याशास्त्र आणि त्यासाठी वापरतात ती 'आर' ही संगणकाची भाषा मात्र आत्ताच सुरू करायला हवं. नेमक्या या विषयाच्या नोकऱ्या आपल्याकडे थोड्या आहेत, हे लपवत नाही. पण पुण्या-मुंबईत क्लिनिकल डेटा आणि औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदींचं काम मिळतं, आणि ते करता करता पीएच.डी.ची तयारी होते.

तिची ओढ किती खरी, हे पाहायचंय? आपल्याकडे १५ जून २००९ पासून औषधचाचणी 'सीटीआरआय' या देशाच्या चाचणी-नोंदवहीत नोंदवणं सक्तीचं आहे, आणि ती नोंद कुणालाही फुकट बघता येते. मुंबईत झालेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या दहा चाचण्या तिने निवडाव्यात. डेटा इतरांना देणार का, या रकान्यात काय लिहिलंय ते वहीत उतरवावं. रविवारी जेवण झाल्यावर ती वही तुम्हाला समजावून सांगायला सांगा. धाकट्यालाही बसवा, दुकान चालवायचंच असेल तर डी. फार्मला, म्हणजे फार्मसीच्या पदविकेला, प्रवेश त्याने घ्यायचाय.