वकिलाने कार्यालय, ग्रंथसंग्रह आणि संकेतस्थळ यांवर केलेला खर्च पुढे मालमत्ता म्हणून टिकतो का?

टिकतो, परंतु चालू दुकानासारखा तो विकता येत नाही. वकिलांचे नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडिया या संस्थेच्या नियमांनुसार वकील नसलेल्या व्यक्तीशी फीची वाटणी करता येत नाही आणि नियम ३६ मुळे जाहिरातही करता येत नाही. २००८ पासून संकेतस्थळाला मुभा आहे, तीही नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, शिक्षण, कामाचे क्षेत्र अशा ठरावीक माहितीपुरतीच.

म्हणून खरे मोल साठते ते नोंदींत. आपल्या सोलापुरात यंत्रमाग कामगारांचे वाद असोत वा बार्शी-मोहोळकडील जमीनवाटपाचे दावे असोत, वीस वर्षांचे मसुदे, निवाड्यांची विषयवार टिपणे आणि तारखांची डायरी नीट लावलेली असेल, तर नव्या ज्युनिअरला प्रत्येक दाव्यात पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, आणि मला ही शिस्त कार्यालयाच्या जागेहूनही मोलाची वाटते.

जागा स्वतःची असेल तर ती वारसांना मिळते. पक्षकार मात्र वारशाने मिळत नाहीत. पक्षकाराने वकीलपत्र, म्हणजे आपल्या वतीने दावा चालवण्याचे लेखी अधिकारपत्र, दिल्याशिवाय वकिलाच्या मुलालाही त्याचा दावा पुढे चालवता येत नाही. त्यामुळे पक्षकाराच्या संमतीने ज्युनिअरचे नाव वकीलपत्रावर सुरुवातीपासूनच घ्यावे.