दोन टनी की तीन टनी? आधी दाराखालचा पत्रा बघा

तुम्ही विचारलंय की हॅचबॅकला दोन टनी ट्रॉली जॅक (चाकांवर सरकणारा, लांब दांड्याचा) पुरेल की तीन टनी घ्यावा, कारण गाडीसोबत आलेल्या जॅकने चाक उचलताना 'कर्र' आवाज आला आणि जॅक तिरका झाला. त्यावर बऱ्याच जणांनी आपापले ब्रँड सुचवले. माझी नजर मात्र तुमच्या शेवटच्या फोटोवर अडकली. दाराखालची पत्र्याची उभी कड जॅकच्या जागी आतल्या अंगाला दुमडलीय आणि दुमडीखाली गंजाची तांबडी भुकटी सांडलीय. गाडी रोज दाभोळ-धोपावे फेरीबोटीने ये-जा करते, हेही तुम्ही लिहिलंय. हेच दुखणं मी भोगलंय. जॅकची खरेदी जरा पुढे ढकला.

आधीच सांगतो, मी मिस्त्री नव्हे. देवगडकडे आंब्याचा धंदा, एक जुनी हॅचबॅक, एक पिकअप, आणि गॅरेज लांब म्हणून लागलेली सवय. गाडीचं मॅन्युअल आणि मी यांच्यात मतभेद झाला तर मॅन्युअल खरं धरा. नट चाक जमिनीवर असतानाच सैल करायचे, नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शिरायचं नाही, हे सगळं तुम्हाला ठाऊक असणार. त्यात शिरत नाही.

टनांचं लगेच उरकतो. आपल्या हॅचबॅक साधारण ८०० ते ९५० किलोच्या असतात. इंजिन पुढे, त्यामुळे निम्म्याहून जास्त वजन पुढच्या चाकांवर. पुढचा एक कोपरा उचलताना जॅकवर फार तर तीन-चारशे किलो येतात. दोन टनी जॅक भरपूर झाला. तीन टनी घेतलात तर तो हलवताना तुमचीच कंबर धरेल. टनापेक्षा तो किती खाली बसतो ते पाहा. ट्रॉली जॅक १३०-१४० मिमीपर्यंत खाली जातो. बॉटल जॅक, म्हणजे बाटलीसारखा उभा जॅक, बहुतेक १५० ते २०० मिमीच्या खाली येत नाही, आणि हवा गेलेल्या टायरवर बसलेली गाडी तेवढी जागाच देत नाही. पिकअपच्या मागच्या अॅक्सलखाली बॉटल जॅक झकास, हॅचबॅकला नको. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणाऱ्या इलेक्ट्रिक जॅकबद्दल माझं मत इथे लिहिण्यासारखं नाही.

आता त्या फोटोकडे. जॅकला आपण गाडी उचलायचं यंत्र समजतो, पण तो मधला गडी आहे. त्याच्या डोक्यावर पत्रा, पायाखाली जमीन. कोकणात दगा देतात ते हे दोघे.

दाराखालचा तो आडवा पोकळ भाग, ज्याला सिल म्हणतात, त्याच्या खालच्या कडेला छोटी भोकं असतात. दारांच्या फटीतून आणि चाकांच्या फवाऱ्यातून आत गेलेलं पाणी तिथून गळून जावं म्हणून ती ठेवलेली असतात. माझी गाडी नवीन असताना सर्व्हिस सेंटरने (नाव लिहीत नाही, विचारू नका) 'समुद्राकाठची गाडी आहे, अँटी-रस्ट कोटिंग करून घ्याच' म्हणून डांबरासारखा काळा थर खालून मारला. मारला तो असा की भोकंही लिंपून टाकली. वरून गाडी चकाचक. आत पावसाळ्याचं पाणी, फेरीवरचे खारे शिंतोडे, तांबडी माती, सगळं साठत गेलं आणि सिल आतून कुजत गेली. बाहेरच्या रंगाला फोडसुद्धा आला नव्हता.

मग एके दिवशी मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या बरोबर त्याच खाचेत, बरोबर त्याच ठिकाणी जॅक लावला, गाडी उचलून चाक काढलं, आणि आणखी थोडी वर घेताना गाडी वर जायच्या ऐवजी जॅकचं डोकं पत्र्यात शिरलं. काढलेलं चाक सिलखाली आडवं सरकवून ठेवलं होतं म्हणून गाडी त्यावर टेकली. नाहीतर ब्रेक डिस्कच जमिनीला लागली असती.

इथून जी वरात सुरू झाली तिनेच मला सगळ्यात जास्त पिडलं. सर्व्हिस सेंटरमध्ये हातात टॅब घेतलेला पोरगा म्हणाला, "सर, जॅक बाहेरचा वापरलात का?" म्हटलं, गाडीतलाच. तर म्हणे, "मग चुकीच्या जागी लावला असेल." खाली वाकून बघा म्हटलं तर लिफ्ट रिकामी नव्हती. जॉबकार्डावर मात्र लगेच टाइप झालं की ग्राहकाने चुकीच्या ठिकाणी जॅक लावल्याने नुकसान. मी सही केली नाही. वरच्या साहेबांना मेल केला, त्यांनी तो खालच्याला पाठवला, खालच्याने मला फोन करून विचारलं की काय प्रॉब्लेम आहे. कोटिंगची पावती दाखवली तर 'ते वेगळं डिपार्टमेंट'. विम्याकडे गेलो तर सर्व्हेअर साहेब उभ्या उभ्या म्हणाले, गंज म्हणजे झीज, पॉलिसीत बसत नाही. या बाबतीत ते नियमाने बरोबर होते, म्हणून त्यांच्यावर राग नाही. राग आहे तो भोकं बुजवून वर त्याचे पैसे घेणाऱ्यांवर.

शेवटी आमच्याकडच्या एका पत्र्याचं काम करणाऱ्या मिस्त्रीकडे गाडी टाकली. त्याने आधी काही कापलं नाही. बारीक टोच्या घेऊन त्या काळ्या थरात एक भोक मोकळं केलं, आणि जानेवारी महिन्यात, पावसाचा टिपूस नसताना, सिलमधून चहाच्या रंगाची धार लागली. धार संपल्यावर गाळ ठिबकत राहिला. तो म्हणाला, "किनाऱ्यावरच्या निम्म्या गाड्या अशाच येतत माझ्याकडे." दोन्ही बाजूंचा कुजलेला पत्रा कापून नवीन वेल्ड करायला तीस हजारांच्या आसपास गेले, खिशातून.

म्हणून आता तुम्ही हे करा. दाराखाली हात घालून ती भोकं शोधा. बुजलेली असतील तर लाकडी काडीने किंवा केबल टायच्या टोकाने मोकळी करा, स्क्रू-ड्रायव्हर घुसवून रंग खरवडू नका. मग स्क्रू-ड्रायव्हरची मूठ सिलवर पुढून मागे ठोकत जा. धड पत्रा खणखणतो, कुजलेला 'बद्द' वाजतो. ऐकलंत की लगेच कळेल. जॅकच्या खाचांच्या आजूबाजूला अंगठा जोर देऊन दाबा. गाडी जुनी घेतलेली असेल तर फ्रिजवरचा लोहचुंबक सिलवर फिरवा. जिथे चिकटणार नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे, आणि पुट्टीवर गाडी उचलली जात नाही. तुमची कड दुमडलीय तिथे पुन्हा जॅक लावू नका, कुठल्याही टनाचा. आधी पत्रा दाखवून घ्या.

पत्रा धड निघाला तर ट्रॉली जॅकच्या वाटीत (गाडीला टेकतो तो भाग) कडेपुरती खाच असलेला रबरी पॅड ठेवा, म्हणजे उभ्या कडेवर भार न येता बाजूच्या पत्र्यावर येतो. वाटी नुसती कडेला लावली की कड मुडपणारच, मग गंज असो वा नसो. आणि इंजिनच्या तळाशी असलेल्या ऑइल चेंबरखाली जॅक लावायचा मोह कुणालाही होऊ नये.

कोटिंगला माझा विरोध नाही. एप्रिल-मेमध्ये, गाडी खालून धुऊन कडकडीत वाळवून, भोकं सोडून मारलं तर चांगलंच. सिलच्या आत तर पातळ मेणाचा स्प्रे मिळतो तो जास्त कामाचा, पण तो मारणारा माणूस शोधावा लागतो. जूनमध्ये ओल्या गाडीवर मारलेलं कोटिंग म्हणजे ओल आत डांबून ठेवणं. पाऊस संपला की गोड्या पाण्याने खालून एकदा जोरात धुऊन घ्या. आणि फोटोसाठी पुळणीवर गाडी नेणाऱ्यांनी तर रोज धुवावी. भरती आली की दोर घेऊन आम्हालाच बोलावतात, ते वेगळं.

आता पायाखालचं. तुम्ही लिहिलंय, 'उचललेली गाडी टेकवायचे स्टँड महाग वाटतात, घरात चिरे पडलेत, त्यावर गाडी ठेवली तर?' नाही. अजिबात नाही. जांभ्याच्या चिऱ्याने आपली घरं, गडगे, विहिरी उभ्या राहिल्या म्हणून त्यावर आपला फार विश्वास. पण भिंतीत भार सगळ्या चिऱ्यावर सारखा पसरतो. गाडीखाली तो दोन बोटांच्या कडेवर एकवटतो. चिरा छिद्रांचा दगड, पावसात भिजला की आणखी मऊ, आणि तुटताना आधी चाहूल देत नाही. वाकत नाही, कुरकुरत नाही, थेट दोन तुकडे. सिमेंटच्या पोकळ ब्लॉकचंही तेच. चिरा चाकाच्या मागे अडवायला लावा, तिथे तो चालतो. गाडीच्या खाली नको.

ट्रॉली जॅकला चाकं का असतात याचाही विचार करा. दांडा दाबला की वाटी सरळ वर जात नाही, कमानीत वर जाते, त्यामुळे जॅकला थोडं पुढे सरकायला मिळालं पाहिजे. सारवलेल्या अंगणात किंवा तांबड्या मातीत त्याची चाकं रुततात, जॅक सरकत नाही आणि वाटीच पत्र्यावरून घसरते. पेव्हर ब्लॉकच्या फटीतही हेच होतं, शिवाय खालची वाळू बसते. कोबा असेल तर उत्तम. नसेल तर जाड प्लायचा ऐसपैस तुकडा खाली घाला. फळीपेक्षा प्लाय बरा, तो रेषेत चिरत नाही. मे महिन्यात डांबरी रस्त्यावर स्टँड लावलात तर त्याचे पाय हळूहळू आत जातात, तिथेही प्लाय हवाच. आणि उतारावर उभी गाडी उचलू नका. आमच्याकडे सपाट जागा म्हणजे देवळासमोरचं पटांगण, तर मी गाडी तिथे नेतो. लोक हसतात, हसू देत.

एक गोष्ट खास आपल्याकडची. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून ठेवला की मागच्या ड्रमला ब्रेकचे लायनर चिकटतात, म्हणून आपण सगळे गाडी गिअरमध्ये टाकून हँडब्रेक सोडून उभी करतो. जॅक लावताना ही सवय घातक. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीचं पुढचं एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी गिअरची जोडणी) ते हवेत मोकळं फिरू शकतं, आणि गिअरने गाडी धरून ठेवायची ताकद तिथेच संपते. तेव्हा धरतो तो फक्त मागच्या चाकांवरचा हँडब्रेक, तोही खाऱ्या हवेने केबल जाम झाली नसेल तर. मागची दोन्ही चाकं उचललीत तर हँडब्रेकचा उपयोग शून्य. तेव्हा हँडब्रेक, गिअर आणि जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर, तिन्ही लावा.

स्टँड घ्या, जोडीनेच घ्या. मला रॅचेटच्या दातांपेक्षा (दातात खटका अडकून उंची धरणारे) आरपार पिन घालायचे स्टँड आवडतात. अमेरिकेत २०२० साली रॅचेटचे लाखो स्टँड परत मागवले गेले, भार असताना दात सुटत होते म्हणून. रॅचेटवालेही चांगले असू शकतात, हे माझं भित्र्या माणसाचं मत समजा. गाडी स्टँडवर टेकवल्यावर दोन्ही हातांनी चांगली हलवून बघा. पडायची असेल तर तुम्ही बाहेर असताना पडू दे. काढलेलं चाक सिलखाली आडवं सरकवायला विसरू नका, फुकटचा विमा आहे, आणि हा क्लेम नाकारत नाही.

हायवेवर पंक्चर झालं तर हे काहीच शक्य नसतं. तिथे टायरची माया सोडा आणि रिमवर का होईना, हळूहळू रुंद जागेपर्यंत जा. डायव्हर्जनच्या कडेला, ट्रकच्या वाऱ्यात, चिखलात जॅक लावू नका. टायर नवीन मिळतो.

राहिलं जॅक जपण्याचं. गाडीतल्या कात्री जॅकचा स्क्रू खाऱ्या हवेत गंजून बसतो, वर्षातून एकदा काढून ग्रीस लावा. ट्रॉली जॅक नेहमी पूर्ण खाली बसवून ठेवा. दट्ट्या बाहेर राहिला तर त्यावर गंजाचे खड्डे पडतात, आणि तेच खड्डे दर वेळी आतबाहेर होताना जॅकच्या आतलं रबरी सील फाडतात. नवीन जॅक घेतलात की गाडीखाली हात घालण्याआधी एकदा भार देऊन चहा होईपर्यंत तसाच सोडा. उंची कमी झाली तर दुकानात परत. जुना जॅक मऊ पडला, म्हणजे दांडा मारूनही नीट उचलेना, तर आधी हवा काढून बघा: भार नसताना व्हॉल्व्ह उघडा ठेवून दांडा भराभर मारायचा. तेल कमी असेल तर हायड्रॉलिक जॅकचंच घाला. ब्रेक ऑइल घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, जॅकची रबरं त्याने फुगतात. सील गेलंच असेल तर ऑटो स्पेअरवाल्यांकडे चकरा मारण्यापेक्षा जेसीबीची हायड्रॉलिकची कामं करणाऱ्याला विचारा. त्यांच्याकडे मापाचे सील सुटे मिळतात, जुना सोबत घेऊन जा.