दहावीच्या वर्गात विज्ञानाचे प्रयोग घ्यावेत की सराव प्रश्नपत्रिका?

बी.एस्सी., बी.एड. झाल्यावर मराठवाड्यात माध्यमिक शाळेवर विज्ञान शिक्षक व्हावे का, आणि दहावीला प्रयोग घेत बसण्यापेक्षा सराव प्रश्नपत्रिका सोडवून घेतलेल्या बऱ्या नाहीत का, असे तुम्ही विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नावरून मी नोकरीत बरेच ऐकून घेतले आहे, म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो. प्रयोग घ्यावेत, आणि ते विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हातांनी करावेत.

2015-16 च्या दुष्काळात मी लातूर जिल्ह्यातील एका शाळेवर होतो. मांजरा धरण कोरडे पडले होते आणि पुढे एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. मुले वर्गात पाण्याखेरीज दुसरे बोलत नसत. मी त्यांना घरून बाटलीत पाणी आणायला सांगितले. बोअरचे, आडाचे, टँकरचे असे नमुने जमले, आणि तुलनेसाठी बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर आणले. प्रत्येक परीक्षानळीत सारखे पाणी, साबणाच्या द्रावणाचे सारखेच थेंब. नळी हलवायची आणि फेसाची उंची पट्टीने मोजायची. बोअरच्या पाण्याला फेस जवळजवळ आलाच नाही, वर पांढरी साय धरली. तेच पाणी उकळल्यावर थोडा फरक पडला. धुण्याचा सोडा घातल्यावर मात्र फेस चांगला चढला. फेस अडवणाऱ्या क्षारांपैकी कॅल्शियम व मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट उकळल्यावर खाली बसून निघून जातात, पण क्लोराइड आणि सल्फेट उरतात, हे फळ्यावर लिहिण्याआधी मुलांनीच ताडले होते. एका मुलीने विचारले, "सर, आई म्हणते बोअरच्या पाण्यात वरण शिजत नाही, ते यामुळेच का?" यामुळेच. डाळीच्या पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला कॅल्शियम घट्ट बांधून ठेवतो आणि दाणा मऊ होत नाही. हा प्रश्न कोणत्याही अपेक्षित प्रश्नसंचातून आला नसता.

मुख्याध्यापकांनी नंतर मला बोलावून घेतले आणि म्हणाले, "दोन तासांत एक पेपर सोडवून झाला असता." त्यांचे म्हणणे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. बोर्ड 40-40 गुणांचे दोन लेखी पेपर घेते आणि प्रात्यक्षिकाचे 20 गुण शाळेच्या हाती राहतात, म्हणून कित्येक शाळांत मागच्या वर्षीच्या प्रयोगवह्या उतरवून घेतल्या जातात, गुण सढळ हाताने वाटले जातात आणि काचसामान कपाटात कुलूपबंद राहते, कारण फुटलेल्या वस्तूची भरपाई चार्ज असलेल्या शिक्षकाच्या अंगावर येईल ही भीती असते. याला मी विज्ञान शिकवणे म्हणत नाही. अकरावीला लातूरच्या शिकवण्यांकडे धावणारी ही मुले पुढे वर्षानुवर्षे प्रश्नपत्रिकाच सोडवणार आहेत. पदार्थ हाताळण्याची संधी त्यांना आपल्याच वर्गात मिळते.

अर्थात जानेवारीनंतर सराव पेपर मीही घेतो. लेखनाचा सराव नसलेल्या मुलाचे गुण जातात, हे खरे आहे.

राहिला नोकरीचा प्रश्न. शिक्षक अभियोग्यता चाचणी देऊन पवित्र पोर्टलमार्फत, म्हणजे शासनाच्या शिक्षकभरतीच्या संकेतस्थळामार्फत, अनुदानित जागा मिळाली तर जरूर या, पण आरंभीची तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावी लागतील, याची घरी कल्पना देऊन ठेवा. विनाअनुदानित शाळेत पुढे अनुदान येईल या आशेवर वर्षे घालवू नका. त्यात आयुष्य अडकलेले सहकारी मी पाहिले आहेत. रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात प्रयोगशाळेचा चार्ज लेखी मागून घ्या, आधी फुटलेल्या वस्तूंची डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या कायम वस्तूंच्या नोंदवहीत, मुख्याध्यापकांच्या सहीने नोंद करून घ्या, आणि मग किल्ली स्वतःजवळ ठेवा.