मूल्यांचे बक्षीस: नव्या शिक्षिकेस पत्र

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. तिसरीच्या वर्गात दर महिन्याला ‘आदर्श विद्यार्थी’ निवडून त्याचा फोटो भिंतीवर लावायचा, असा आपला विचार आहे. त्यामागची कळकळ मला समजते. तरीही थोडे थांबावे, असे मनापासून सुचवतो.

मी नवा असताना, सापडलेली वस्तू आणून देणाऱ्याच्या नावापुढे तक्त्यावर एक तारा काढायचा, असे जाहीर केले होते. पहिल्या आठवड्यात खोडरबर, शार्पनर, एक रुपयाचे नाणे असे काही ना काही टेबलावर जमू लागले आणि मला धन्य वाटले. पुढच्या आठवड्यात एका मुलाने नळाजवळ सापडली म्हणून पेन्सिल आणून दिली. तिचे मागचे टोक तासून त्यावर निळ्या शाईने एक अक्षर लिहिले होते. ते त्याच्याच नावाचे होते. एका ताऱ्यासाठी ते पोर स्वतःची एकुलती एक पेन्सिल देऊन टाकत होते, आणि प्रामाणिकपणाच्या नावाखाली त्याला खोटे बोलायला मीच शिकवले होते. त्याला रागावलो नाही, तक्ता मात्र त्याच दिवशी उतरवला.

१९७३ साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा बालवाडीतील मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या ज्या मुलांना प्रशस्तिपत्रक देण्याचे आधीच कबूल केले होते, त्यांचा चित्रांतला रस पुढे कमी झाला. अनपेक्षितपणे तेच प्रशस्तिपत्रक मिळालेल्यांचा झाला नाही. म्हणजे कौतुकाला माझी हरकत नाही, सौद्याला आहे.

म्हणून कौतुक करताना कृतीचे नाव घ्यावे. ‘शहाणा मुलगा’ म्हणण्यापेक्षा ‘खिचडी वाढताना तू पहिलीच्या मुलांना आधी बसवलेस, हे मी पाहिले’ असे म्हटले, तर नेमके काय चांगले झाले ते मुलाला कळते. परिपाठात सुविचार आणि बोधकथेनंतर दोन मिनिटे राखून ठेवावीत आणि काल कोणी कोणाला मदत केली ते मुलांनाच सांगू द्यावे. आपल्या नजरेतून सुटणारी अबोल मुले त्यांना बरोबर दिसतात. बक्षीस द्यायचेच झाले तर साऱ्या वर्गाला द्यावे: शनिवारी झाडाखाली गोष्टींचा एक जादा तास पुरेसा आहे.

स्त्री-पुरुष समानता फळ्यावर लिहिलेली असताना वर्ग झाडायला रोज मुलीच उठत असतील, तर मुले झाडूकडे पाहून शिकतात. झाडण्याच्या पाळ्यांचा तक्ता करा आणि एक पाळी स्वतःकडे घ्या.

मूल्यमापनासाठी प्रत्येक मुलाविषयी लिहायच्या वर्णनात्मक नोंदींत ‘प्रामाणिक आहे’, ‘इतरांना मदत करतो’ अशी छापील वाक्ये उतरवू नयेत. एक छोटी वही जवळ ठेवून दिवसाला एकाच मुलाची एक खरी घटना तारखेसह टिपावी. पटावर तीस मुले असतील, तर साधारण सव्वा महिन्यात प्रत्येकाची पाळी येते. पहिली काही पाने भरली की ती वही मला जरूर दाखवा.

आपला स्नेहांकित,
एक निवृत्त शिक्षक