वाचकांचे प्रश्न : घट्ट झाकण आणि वाकड्या टोकाची पट्टी

प्रश्न : आमचा पंचवटीत जुना वाडा आहे. गेल्या दिवाळीआधी दारे-खिडक्यांना ऑइल पेंट दिला. रंग मुलाने मुंबईहून आणला होता. एक लिटरच्या डब्यात पावभर रंग उरला, तो झाकण लावून माळ्यावर ठेवला. जानेवारीत एका चौकटीवर पुन्हा हात फिरवावा म्हणून डबा काढला, तर झाकण काही केल्या निघेना. स्क्रूड्रायव्हरने उचकटताना तो सटकला, डाव्या तळहाताला खोक पडली आणि झाकण एका बाजूने दुमडले. दुसऱ्या दिवशी आलेल्या रंगाऱ्याने खिशातून वाकड्या टोकाची लहानशी पट्टी काढून मिनिटभरात ते झाकण अलगद उचलले. या अवजाराला काय म्हणतात? ते कुठे मिळते? झाकण इतके घट्ट का बसते? आमच्या यजमानांचे म्हणणे असे, की डब्यात मुंबईची हवा आणि बाहेर नाशिकची, म्हणून ते आवळले गेले. हे खरे आहे का?
— एक भगिनी, पंचवटी, नाशिक

उत्तर : आधी यजमानांच्या शंकेचे पाहू, कारण त्यांनी हवेच्या दाबाचा विचार केला हे योग्यच आहे, फक्त अधिकाच्या जागी उण्याचे चिन्ह पडले आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर असल्यामुळे येथील हवेचा दाब मुंबईच्या मानाने साधारण ७ टक्के कमी असतो. मुंबईत बंद केलेला डबा कसारा घाट चढून वर आला, की आतली हवा झाकणाला बाहेर ढकलू लागते, आणि १० सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर हा रेटा साडेपाच किलो वजनाएवढा भरतो. म्हणजे झाकण सैल व्हायला हवे. शिवाय आपण दिवाळीआधी तो डबा नाशिकमध्येच उघडला होता, तेव्हाच मुंबईची हवा निघून गेली. हाच डबा आता नाशिकमध्ये बंद करून मुलाकडे मुंबईला पाठवलात, तर मात्र यजमानांचा सिद्धांत तिथे खरा ठरेल.

खरे कारण झाकणाच्या घडणीत आणि रंगाच्या स्वभावात आहे. या डब्याच्या तोंडाशी पत्र्याची एक गोल पन्हळ असते आणि झाकणाच्या खालच्या बाजूचा फुगवटा त्या पन्हळीत दाबून बसवलेला असतो. त्याला आटे नसतात की रबराचे कडे नसते. पत्र्याला पत्रा घट्ट घासून जे घर्षण होते, तेवढ्यावर सगळा कारभार चालतो. कोरा डबा त्यामुळे फारसा त्रास देत नाही. (दुकानात यंत्रावर रंगछटा मिसळून देतात तेव्हा मात्र डबा गदागदा हलवायचा असल्याने झाकण हातोडीने ठोकून बसवलेले असते, आणि तो डबा पहिल्याच दिवशी हट्ट करतो.) आपण कुंचला बुडवतो, जास्तीचा रंग डब्याच्या काठावर निपटतो, तो ओघळून पन्हळीत साचतो, आणि काम संपल्यावर त्याच ओल्या रंगावर झाकण दाबतो. ऑइल पेंट पाण्यासारखा नुसता उडून वाळत नाही. त्यातले टर्पेंटाइन उडून जाते हे खरे, पण त्यानंतर उरलेला रंग हवेतला ऑक्सिजन शोषून घेऊन घट्ट कातड्यासारखा होतो आणि मग टर्पेंटाइन ओतले तरी पूर्ववत पातळ होत नाही. थोडक्यात, आपण झाकण लावत नव्हता, ते चिकटवत होता.

याला आणखी दोन गोष्टींची जोड मिळते. उरलेला रंग डब्यात कोंडलेल्या हवेतलाही ऑक्सिजन शोषत राहतो. पृष्ठभागावर जी साय धरते ती त्याचीच खूण. हवेत ऑक्सिजन सुमारे एक पंचमांश असतो, त्यातला अर्धा जरी रंगाने घेतला, तरी आतला दाब दहा टक्क्यांनी उतरतो आणि बाहेरची हवा त्याच १० सेंटिमीटरच्या झाकणावर आठ किलोंचे वजन ठेवते. त्यातच ऑक्टोबरच्या दुपारी ३० अंशांत बंद केलेला डबा जानेवारीच्या सकाळी १० अंशांत उघडायला घेतला, तर आतली हवा आकसून आणखी पाच किलोंची भर पडते. नाशिकची थंडी कशी असते, हे आपणास सांगायला नको. झाकण पहिल्यांदा किंचित उचलले जाताच जो ‘फुस्स’ असा आवाज येतो, तो बाहेरची हवा आत शिरल्याचा असतो, आणि त्या आवाजानंतर निम्मे काम झालेले असते.

आता त्या पट्टीकडे येऊ. तिला रंगाच्या दुकानांत ‘पेंट टिन ओपनर’ किंवा नुसते ‘ओपनर’ म्हणतात, ते हार्डवेअरच्या दुकानातही मिळते, आणि रंगाची मोठी खरेदी असली तर दुकानदार ते फुकटही देतो, तेव्हा मागायला संकोच करू नये. चार-पाच इंच लांबीची पोलादी पट्टी किंवा सळई, तिचे एक टोक चपटे करून किंचित वर वळवलेले, आणि बहुधा दुसऱ्या टोकाला सोड्याच्या बाटलीचे बूच काढण्यासाठी एक कडे, एवढाच तिचा सरंजाम. (बाटलीचे ते दातेरी पत्र्याचे बूच १८९२ मध्ये अमेरिकेत विल्यम पेंटर नावाच्या गृहस्थाने शोधले. आडनाव पेंटर असले तरी त्याचा रंगाशी काही संबंध नव्हता, पण एकाच पट्टीवर रंग आणि पेंटर असे शेजारी नांदावेत, याची मला गंमत वाटते.)

हे अवजार म्हणजे शाळेत शिकलेली पहिल्या प्रकारची तरफ आहे. वळवलेले टोक झाकणाच्या कडेखाली जाते, डब्याचा बाहेरचा काठ टेकू होतो, आणि आपण दांडी खाली दाबली की टोक वर उठते. टेकूपासून टोक ६ मिलिमीटरवर आणि आपला हात ९० मिलिमीटरवर असेल, तर बळ पंधरा पटींनी वाढते. दोन किलोंचा दाब दिला तर झाकणाच्या कडेला तीस किलोंचा उठाव मिळतो. स्क्रूड्रायव्हरची लांबी याहून जास्त असते, म्हणजे बळाच्या हिशेबात तो कमी पडत नाही, उलट सरसच ठरतो. मग तो का नको? कारण त्याचे टोक सरळ आणि अरुंद असते. सरळ टोक कडेखाली अडकत नाही, नुसते टेकते, म्हणून ते सटकते आणि समोर डबा धरलेला डावा हात असतो. अरुंद टोकामुळे सगळे बळ पत्र्याच्या एका बिंदूवर येते, आणि हा पत्रा जाडीला पाव मिलिमीटरच्या आसपास असतो.

झाकणाची कड तेवढ्या पातळ पत्र्याची असूनही एरवी टिकते, ती वळवलेली असते म्हणून. आपल्याकडच्या भांडी बाजारात जाऊन कोणत्याही पातेल्याच्या काठावरून बोट फिरवले, तर हीच युक्ती हाताला लागते : तांबट काठ वळवून गोल करतो, त्यामुळे पातळ पत्राही वाकत नाही. ओपनरचे टोक या वळलेल्या गोलाईला खालून पकडते आणि नखाएवढ्या रुंदीवर बळ पसरवते. स्क्रूड्रायव्हर ती गोलाई उलगडतो. एकदा ती उलगडली की झाकण पन्हळीत सगळीकडून सारखे बसत नाही, तिथून हवा शिरते आणि उरलेला रंग महिन्याभरात साय धरून वाया जातो. म्हणूनच हे अवजार डबा उघडण्यासाठी आहे असे म्हणण्यापेक्षा, उघडलेला डबा पुन्हा बंद करता यावा यासाठी आहे, असे मी म्हणेन. नुसता उघडायचाच असता तर छिन्नी-हातोडीनेही उघडला असता.

वापरण्याची रीत सोपी आहे, पण तिच्यात घाई चालत नाही. डबा जमिनीवर जुन्या वर्तमानपत्रावर ठेवावा, मांडीवर नव्हे. एका जागी टोक अडकवून झाकण जेमतेम एक-दोन मिलिमीटर उचलावे आणि तिथेच थांबावे. मग समोरच्या बाजूस, मग मधल्या जागी, असे करत सहा-आठ ठिकाणी थोडे थोडे उचलत डब्याभोवती फिरावे. पहिल्याच जागी जोर लावून झाकण उघडायचे, हा मोह सगळ्यांनाच होतो, आणि झाकणे वाकतात ती तिथेच. कडेवर वाळलेला रंग दिसत असेल, तर आधी जुन्या सुरीचे टोक त्या फटीतून गोल फिरवून रंगाची साय कापून घ्यावी. पाच मिनिटे जातात, परंतु निम्मा हट्ट तिथेच संपतो. डबा गॅसवर किंवा मेणबत्तीवर शेकण्याचा सल्ला कोणी दिला तर मुळीच ऐकू नये, कारण आत टर्पेंटाइनची वाफ असते आणि ती पेट घेते.

आपला वाडा जुना आहे म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. माळ्यावर याहूनही जुने डबे असतील, तर त्यांच्या कडेचा वाळलेला रंग कोरडा खरवडू नका. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला. त्याआधीच्या रंगात शिसे याहून पुष्कळ जास्त असू शकते आणि त्याची भुकटी विशेषतः लहान मुलांना घातक असते. असे डबे न उघडलेलेच बरे.

प्रश्न : आपल्या मासिकात वाचून मी ‘टिन ओपनर’ ऑनलाइन मागवला, तर चाकाचे आणि पात्याचे भलतेच यंत्र घरी आले. ते रंगाच्या डब्यावर चालत नाही. चूक कोणाची?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : चूक नावाची आहे. आपणास आलेले यंत्र अननसाच्या फोडी किंवा रसगुल्ले भरलेल्या हवाबंद डब्यासाठी असते. त्या डब्याला झाकण नसतेच. वरचा पत्रा आणि अंगाचा पत्रा एकमेकांत दुहेरी दुमडून कायमचे शिवलेले असतात, म्हणून तो कापावा लागतो आणि कापला की संपला. या डब्याची कथाही मौजेची आहे. अन्न टिकवण्यासाठी पत्र्याच्या डब्याचे पेटंट इंग्लंडमध्ये पीटर ड्युरँड यांनी १८१० मध्ये घेतले, आणि तो उघडण्याच्या अवजाराचे पेटंट अमेरिकेत एझरा वॉर्नर यांना मिळाले ते १८५८ मध्ये. मधली अठ्ठेचाळीस वर्षे लोक छिन्नी आणि हातोडी घेऊन जेवायला बसत असावेत! फिरत्या चाकाचा ओपनर त्यानंतर, १८७० मध्ये, विल्यम लायमन यांनी आणला. तेव्हा आलेले यंत्र परत करू नका, स्वयंपाकघरात ठेवा, आणि रंगाच्या डब्यासाठी दुकानात जाऊन वाकड्या टोकाची पट्टी हातात घेऊन पाहून आणा. टोकाची वळण बोटाने दाबून वाकत असेल, तर ती घेऊ नका.

प्रश्न : रंग उरल्यावर झाकण हातोडीने ठोकावे की पायाने दाबावे? आमचा रंगारी पायाने दाबतो.
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : रंगाऱ्याचा पाय हातोडीपेक्षा बरा, कारण त्याचे वजन पसरून पडते. त्याहून चांगला उपाय म्हणजे झाकणावर फळीचा तुकडा आडवा ठेवून त्यावर रबरी हातोडीने हलके ठोके देणे, म्हणजे झाकण सर्व बाजूंनी सारखे उतरते. मात्र त्याआधी पन्हळीतला रंग कुंचल्याने काढून फडक्याने पुसला पाहिजे. हे न करता कितीही सुबक बंद केले, तरी पंचवटीच्या भगिनींसारखी गत होणार. पन्हळीत खिळ्याने भोके पाडून रंग आत ठिबकू देणारे कारागीर मी पाहिले आहेत. चार दिवसांत संपणाऱ्या डब्याला ते ठीक आहे, वर्षभर ठेवायच्या डब्याला मी तसे करणार नाही. नीट बंद झालेला डबा उलटा करून ठेवला, तर रंग झाकणाशी राहून फटीतून हवा शिरू देत नाही आणि साय धरलीच तर ती बुडाशी धरते. मात्र आधी तासभर वर्तमानपत्रावर उलटा ठेवून तो गळत नाही ना, हे पाहावे.

प्रश्न : तुपाच्या पत्र्याच्या डब्याचे झाकण थंडीत निघत नाही. हाच ओपनर चालेल का?
— एक वाचक, सातपूर, नाशिक

उत्तर : दाबून बसवलेले झाकण असेल तर चालेल, पण रंगाला लागलेला नव्हे, स्वयंपाकघरासाठी वेगळा ठेवलेला. बहुतेक घरांत हे काम चमच्याच्या दांड्याने होते आणि जाड स्टीलचा चमचा असेल तर माझी त्याला हरकत नाही. पातळ चमचे मात्र डब्याआधी वाकतात. तुपाच्या बाबतीत त्याहून सोपा मार्ग आहे. येथे झाकण धरून ठेवते ते पन्हळीत गोठलेले तूप. कढत पाण्यात फडके बुडवून, पिळून, डब्याच्या तोंडाभोवती दोन-तीन मिनिटे गुंडाळले, की ते पातळ होते आणि झाकण चमच्याने सहज उचलले जाते. फडके नीट पिळायला विसरू नका, नाहीतर झाकण निघताना पाणी तुपात जाते.